फटक्याचा दोष की विवेकाचा?

कसोटी सामन्यातील पराभव हा आपल्याकडे केवळ एका खेळाचा निकाल राहत नाही. काही दिवसांपुरता तरी तो सार्वजनिक चौकशीचा विषय होतो. 3 नोव्हेंबर 2024 रोजी, ऐन भाऊबिजेच्या रविवारी, मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर भारतीय संघ न्यूझीलंडकडून 25 धावांनी पराभूत झाला आणि तीन सामन्यांची मालिका 3-0 अशी गमावून बसला. तीन किंवा अधिक सामन्यांच्या मालिकेत मायदेशी सर्वच्या सर्व सामने हरण्याची नामुष्की भारतावर तत्पूर्वी कधीही आलेली नव्हती. प्रवरेच्या काठी वसलेल्या अकोले गावी त्या दिवशी घरोघर माहेरवाशिणी आलेल्या होत्या, विधानसभा निवडणुकीचा प्रचार सुरू होण्याच्या बेतात होता आणि बोलावयास विषयांची वाण नव्हती. तरीही त्या दुपारी बसस्थानकासमोरच्या चहाच्या दुकानांत आणि दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडल्यावर शिक्षकांच्या खोल्यांत चर्चा रंगली ती फलंदाजांच्या बेजबाबदार फटक्यांचीच.

या चर्चेत नेहमीचे दोन पक्ष पडले. एका पक्षाचे म्हणणे असे की, वीस षटकांच्या सामन्यांनी फलंदाजांची सवय बिघडली आहे. त्यांना चेंडू सोडता येत नाही, खेळपट्टीवर ठाण मांडता येत नाही आणि संघ अडचणीत असतानाही त्यांचा हात आवरत नाही. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, काळ बदलला आहे. आक्रमक फलंदाजी हाच आजच्या कसोटीचा प्राण आहे आणि ज्या फटक्यांवर सामने जिंकले जातात, त्याच फटक्यांवर ते हरले तर ओरड करणे ढोंगीपणाचे आहे. दोन्ही बाजूंना आपापले पुरावे आहेत. परंतु वानखेडेवरील त्या डावाचा तपशील बारकाईने पाहिला, तर या दोन्ही पक्षांनी वादाची रेषाच चुकीच्या जागी ओढली आहे, असे दिसून येते.

वानखेडेवर काय घडले

विजयासाठी 147 धावा हव्या होत्या आणि सामन्याचा तिसरा दिवस चालू होता. म्हणजे अडीच दिवसांहून अधिक काळ हाताशी होता. घाई करण्याचे कारण घड्याळाकडे तरी नव्हते. कर्णधार रोहित शर्माने मॅट हेन्रीच्या आखूड चेंडूवर पुलचा फटका खेळला आणि 11 धावांवर तो झेलबाद झाला. शुभमन गिलने एजाझ पटेलचा चेंडू बाहेर जाईल असे समजून बॅट वर उचलली आणि चेंडू आत वळून यष्ट्यांवर आदळला. विराट कोहली बचाव करताना स्लिपमध्ये झेल देऊन बाद झाला. यशस्वी जयस्वाल पायचीत झाला. सर्फराज खानला फुलटॉस मिळाला. तो त्याने स्वीप केला आणि सीमारेषेकडील क्षेत्ररक्षकाच्या हाती सोपवला. धावफलकावर पाच गडी बाद 29 अशी दैना झाली.

या पाच जणांपैकी फटका मारण्याच्या मोहात सापडलेले दोघे होते. एक चेंडू सोडताना बाद झाला, तर उरलेले दोघे फिरकीपुढे बचाव कमी पडल्यामुळे. त्यानंतर संघाला विजयाच्या दृष्टिपथात आणले ते कोणी? ज्याच्या फटक्यांवर सर्वाधिक टीका होते, त्या ऋषभ पंतने. त्याने 57 चेंडूंत 64 धावा केल्या आणि त्याच्या झेलाचा निर्णय तिसऱ्या पंचाकडे जाऊन वादग्रस्त ठरला, तेव्हा धावसंख्या सात बाद 106 होती. पुढे 121 धावांवर रविचंद्रन अश्विन रिव्हर्स स्वीपच्या नादात बाद झाला आणि त्याच धावसंख्येवर अखेरचे दोन गडीही गेले. तीस षटकेसुद्धा पूर्ण न होता डाव आटोपला.

सावधगिरीचा पुरस्कार करणाऱ्यांना गिलच्या विकेटचे स्पष्टीकरण देता येत नाही आणि आक्रमणाचा पुरस्कार करणाऱ्यांना अश्विनच्या. कारण सर्वांत सुरक्षित मानली जाणारी कृती, म्हणजे चेंडू सोडून देणे, हीसुद्धा एक निवड आहे आणि तिच्यातही धोका आहे. फलंदाजाला धोका टाळण्याचा पर्याय मुळात उपलब्धच नसतो. कोणता धोका पत्करावयाचा, एवढेच त्याच्या हाती असते. म्हणून फटका धोक्याचा होता काय, हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. तो धोका त्या क्षणी, त्या चेंडूवर, त्या फलंदाजाने पत्करणे योग्य होते काय, हा खरा प्रश्न आहे.

रीतीचे गुण आणि उत्तराचे गुण

गणिताची उत्तरपत्रिका तपासणारा शिक्षक केवळ शेवटचे उत्तर पाहून गुण देत नाही. रीत बरोबर असून आकडेमोडीत चूक झाली असेल, तर तो रीतीचे गुण देतो. आणि रीत न लिहिता उत्तर तेवढे बरोबर आले असेल, तर त्याची भुवई उंचावते. क्रिकेटच्या बाबतीत मात्र हाच शिक्षक, हाच कारकून, हाच विद्यार्थी केवळ उत्तर पाहून निकाल देतो. चेंडू सीमारेषेपलीकडे पडला तर धाडस, अलीकडे पडला तर बेफिकिरी! वस्तुतः चेंडू कोठे पडला यावरून फटक्याची निवड योग्य होती की नव्हती हे ठरत नाही.

रीत तपासण्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत. पहिला, चेंडू त्या फटक्याच्या योग्यतेचा होता काय आणि तो फटका त्या फलंदाजाच्या हातातला होता काय? दुसरा, त्या वेळी संघाची गरज कोणती होती, धावांची की वेळेची? आणि तिसरा, फटका फसल्यास ते नुकसान सोसण्याइतके संघाच्या पदरी काही शिल्लक होते काय?

या कसोटीवर सर्फराजच्या फुलटॉसला रीतीचे गुण द्यावे लागतील. चेंडू मार खाण्याच्याच लायकीचा होता. चूक झाली ती फटका खाली ठेवण्यात. रोहितचा पुल हा त्याच्या संग्रहातील सर्वांत नामांकित फटका, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या बाजूने जाते. दुसऱ्याचे मात्र जात नाही, कारण अडीच दिवस शिल्लक असताना डावाच्या आरंभीच चेंडू हवेत मारण्याची संघाला गरज नव्हती. त्याच सामन्याच्या पहिल्या दिवशी सायंकाळी घडलेली गोष्ट याहून बोधप्रद आहे. भारताची स्थिती एक बाद 78 अशी होती आणि खेळ संपावयास थोडाच अवधी होता. जयस्वाल 30 धावांवर रिव्हर्स स्वीप करताना त्रिफळाचीत झाला. रात्रीचा पहारेकरी म्हणून पाठवलेला मोहम्मद सिराज पहिल्याच चेंडूवर पायचीत झाला आणि कोहली एक चोरटी धाव घेताना धावचीत झाला. एक बाद 78 चे चार बाद 86 झाले. दिवसाच्या त्या शेवटच्या मिनिटांत संघाला धावा नको होत्या. दिवे लागेपर्यंत खेळपट्टीवर उभा राहणारा माणूस हवा होता. कोहलीने तर कोणताही फटका हवेत मारला नव्हता; तरीही त्याचा धोका जयस्वालच्या धोक्याइतकाच अनावश्यक होता.

अगस्ती ऋषींनी एका आचमनात समुद्र प्राशन केल्याची कथा अकोल्यातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते, कारण त्यांचा आश्रम तेथलाच मानला जातो. पण तो अधिकार ऋषींचा. फिरकीला साथ देणाऱ्या खेळपट्टीवर 147 धावांचे लक्ष्य मानवी फलंदाजांना ओंजळी-ओंजळीनेच संपवावे लागते.

दिल्ली, 1984

धोक्याच्या फटक्याला शिक्षा कोणती, या प्रश्नाचे सर्वांत कठोर उत्तर भारतीय क्रिकेटने चाळीस वर्षांपूर्वी दिले होते. डिसेंबर 1984 मध्ये इंग्लंडविरुद्धच्या मालिकेत मुंबईची पहिली कसोटी जिंकून भारत आघाडीवर होता. दिल्लीच्या दुसऱ्या कसोटीत पाचव्या दिवशी सामना अनिर्णित राखणे भारताला शक्य दिसत होते. संदीप पाटील 41 धावांवर खेळत होता. त्याने फिल एडमंड्सच्या फिरकीवर उंच फटका मारला आणि ॲलन लॅम्बने झेल घेतला. पाठोपाठ कपिल देव आला. त्याने पॅट पोकॉकला एक षट्कार ठोकला आणि पुन्हा तसाच फटका मारण्याच्या प्रयत्नात तोही लॅम्बच्याच हाती झेल देऊन 7 धावांवर परतला. डाव 235 धावांत गडगडला, इंग्लंडपुढे 125 धावांचे लक्ष्य राहिले आणि ते त्यांनी दोनच गडी गमावून गाठले.

पुढच्या कलकत्ता कसोटीसाठी पाटील व कपिल या दोघांनाही वगळण्यात आले. हा निर्णय कर्णधार सुनील गावसकर यांचा होता की निवड समितीचा, यावर नंतर कितीतरी वर्षे शब्दयुद्ध चालू राहिले. कलकत्त्याच्या प्रेक्षकांनी आपला राग कर्णधारावर काढला आणि त्या मैदानाशी गावसकरांचे जे बिनसले ते इतके, की 1987 मध्ये पाकिस्तानविरुद्धच्या तेथील कसोटीत ते खेळलेच नाहीत आणि सलग 106 कसोटी खेळण्याची त्यांची मालिका तेथे खंडित झाली.

त्या शिक्षेचे परिणाम दोघांसाठी सारखे झाले नाहीत. कपिल देव पुढच्याच कसोटीत संघात परतला. त्याच्या 131 कसोटींच्या कारकिर्दीत वगळले जाण्याचा तो एकमेव प्रसंग ठरला. संदीप पाटील मात्र पुन्हा कधीही कसोटी खेळला नाही. त्या वेळी त्याचे वय अठ्ठावीस होते. 29 कसोटींत चार शतके त्याच्या नावावर होती. ज्या बेधडक वृत्तीने 1981 मध्ये ॲडलेडला 174 धावा केल्या आणि 1982 मध्ये मँचेस्टरला बॉब विलिसच्या एकाच षटकात सहा चौकार वसूल केले, त्याच वृत्तीच्या एका फटक्याने त्याची कसोटी कारकीर्द संपली. मँचेस्टरच्या चौकारांवर ज्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांपैकी कितीजणांनी दिल्लीच्या झेलानंतर शिव्या दिल्या असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

शिक्षेच्या समर्थनार्थ एक युक्तिवाद करता येतो आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्याच कलकत्ता कसोटीत महंमद अझरुद्दीनने पदार्पण केले, 110 धावा केल्या आणि पहिल्या तीन कसोटींत तीन शतके झळकावण्याचा पराक्रम केला. म्हणजे संघाला नवा फलंदाज गवसला. परंतु अझरुद्दीनचे गुण हे पाटीलच्या शिक्षेचे समर्थन होऊ शकत नाहीत. येथेही उत्तर पाहून रीतीला गुण देण्याचाच तो प्रकार आहे. शिवाय मालिकेचे काय झाले? मद्रासची कसोटी भारताने गमावली आणि आघाडीवर असलेली मालिका 2-1 अशी हातची गेली. शिस्तीचा धडा दिला गेला खरा, पण त्यातून पराभव टळला नाही.

तोच फलंदाज, तसाच फटका

दिल्लीतील कपिलच्या फटक्याची खरी समीक्षा साडेपाच वर्षांनी लॉर्ड्सवर झाली आणि ती स्वतः कपिलनेच केली. 1990 च्या त्या कसोटीत इंग्लंडने ग्रॅहॅम गूचच्या 333 धावांच्या बळावर धावांचा डोंगर रचला होता. भारताचे नऊ गडी बाद झाले होते आणि फॉलोऑन टाळण्यास आणखी 24 धावा हव्या होत्या. दुसऱ्या टोकाला नरेंद्र हिरवाणी होता, ज्याच्या फलंदाजीवर विसंबणे कोणालाही शक्य नव्हते. कपिलने एडी हेमिंग्जच्या षटकात लागोपाठ चार षट्कार मारले आणि नेमक्या 24 धावा पूर्ण केल्या. पुढच्याच षटकात हिरवाणी बाद झाला.

फलंदाज तोच, समोर फिरकीच, फटका तसाच उंच. दिल्लीत तो अविवेक ठरला आणि लॉर्ड्सवर विवेकाचा नमुना ठरला. फरक चेंडू सीमारेषेपलीकडे गेला एवढाच आहे काय? तसे म्हणता येणार नाही. दिल्लीत संघाला वेळ हवा होता, धावा नव्हे. षट्काराने वेळ मिळत नाही. लॉर्ड्सवर संघाला धावा हव्या होत्या आणि त्या मिळवण्याची संधी कोणत्याही क्षणी संपणार होती. तेथे सावधपणे खेळून काढणे हाच मोठा धोका होता. लॉर्ड्सवर एखादा फटका चुकून कपिल बाद झाला असता, तरीही त्याची रीत बरोबरच राहिली असती. ती कसोटी भारताने 247 धावांनी गमावली, ही गोष्टही त्या चार फटक्यांचे मोल कमी करीत नाही.

मेलबर्न, 2024

दिल्लीचा प्रसंग चाळीस वर्षांनी मेलबर्नला जवळजवळ जसाच्या तसा पुन्हा घडला. वानखेडेच्या पराभवाला दोन महिनेही झाले नव्हते. पहिल्या डावात ऋषभ पंत 28 धावांवर स्कॉट बोलँडला पडता-पडता मागच्या बाजूस उडवण्याच्या प्रयत्नात बाद झाला, तेव्हा समालोचन कक्षात बसलेल्या गावसकरांनी त्या फटक्याची मूर्खपणा या शब्दात संभावना केली. पाचव्या दिवशी, 30 डिसेंबर रोजी, 340 धावांचे लक्ष्य आवाक्याबाहेर होते, पण सामना वाचवता येण्यासारखा होता. जयस्वाल आणि पंत यांनी उपाहार ते चहापान हे संपूर्ण सत्र एकही गडी न गमावता खेळून काढले. पंतने शंभरावर चेंडू खेळून 30 धावा केल्या होत्या. ज्याला संयम नाही असे म्हटले जाते, त्याने तो दाखवला होता. चहापानानंतर ट्रॅव्हिस हेड या कामचलाऊ फिरकी गोलंदाजाचा आखूड चेंडू आला, पंतने तो उंच मारला आणि सीमारेषेवर मिचेल मार्शने झेल घेतला. पाठोपाठ डाव कोसळला. अखेरचे सात गडी 34 धावांत बाद झाले आणि भारत 184 धावांनी हरला.

पाचवा दिवस, अनिर्णित राखता येणारा सामना, फिरकी गोलंदाज, उंच फटका, सीमारेषेजवळ झेल आणि त्यानंतरची पडझड: दिल्लीशी साम्य यापेक्षा अधिक असू शकत नाही. रीतीचे गुण द्यावयाचे, तर पंतलाही येथे देता येणार नाहीत. चेंडू मारण्याजोगा होता हे खरे. पण संघाला त्या तासात चार किंवा सहा धावांची काडीचीही गरज नव्हती.

तथापि या वेळी एक गोष्ट वेगळी घडली. पंतला वगळण्यात आले नाही. सिडनीच्या पुढच्या कसोटीत त्याने पहिल्या डावात 98 चेंडूंत 40 धावा केल्या आणि दुसऱ्या डावात 33 चेंडूंत 61. जून 2025 मध्ये लीड्सला तर त्याने दोन्ही डावांत शतके झळकावली आणि गावसकरांनीच त्याचे तोंड भरून कौतुक केले. ती कसोटीही भारत हरला, पण तेथे पंतच्या फटक्यांना दोष देणे कोणालाच शक्य नव्हते. पहिल्या डावात अखेरचे सात गडी 41 धावांत आणि दुसऱ्या डावात अखेरचे सहा गडी 31 धावांत गेले; क्षेत्ररक्षकांनी झेल सोडले आणि इंग्लंडने 371 धावांचे लक्ष्य पाच गडी राखून पार केले.

1984 च्या न्यायाने पंतचा निकाल लावला असता, तर लीड्सची शतके झालीच नसती. टीका आणि शिक्षा यांतील अंतर येथे ध्यानात येते. फलंदाजाच्या निर्णयावर कठोर टीका व्हावीच. तिच्यावाचून तो सुधारत नाही. परंतु एका निर्णयासाठी माणूसच बाजूला सारणे, हा टीकेचा नव्हे, संतापाचा मार्ग आहे. पंतने त्यानंतरही चुका केल्या. नोव्हेंबर 2025 मध्ये गुवाहाटीला, स्वतः कर्णधार असताना आणि डाव घसरत असताना, तो मार्को यान्सेनला पुढे सरसावून मारावयास गेला आणि 7 धावांवर बाद झाला. ती कसोटी भारताने 408 धावांनी गमावली. सुधारणा ही सरळ रेषेत होत नसते, हे शिक्षकांना निराळे सांगावयास नको.

धोक्याचे भांडवल

आता तिसरा प्रश्न: नुकसान सोसण्याइतके शिल्लक काय होते? धोकादायक फलंदाजीचे आजवरचे सर्वांत सुंदर फळ भारताला 19 जानेवारी 2021 रोजी ब्रिस्बेनला मिळाले. विजयासाठी 328 धावा हव्या होत्या आणि त्या मैदानावर ऑस्ट्रेलिया 1988 नंतर कसोटी हरलेला नव्हता. पंतच्या नाबाद 89 धावांनी सामना जिंकला, असे सर्वजण म्हणतात आणि ते खरेही आहे. पण त्या फटक्यांची किंमत आधी कोणी तरी भरलेली होती. चेतेश्वर पुजाराने अंगावर चेंडू झेलीत 211 चेंडू खेळून काढले होते. शुभमन गिलने 91 धावांनी पाया घातला होता. गोलंदाज थकले होते आणि सामना अनिर्णित राखण्याची वाट बराच काळ उघडी होती. पंतने जो धोका पत्करला, तो इतरांनी जमवलेल्या भांडवलावर. वानखेडेवर पाच बाद 29 या स्थितीत असे भांडवल कोणीही जमवलेले नव्हते.

अकोले तालुक्यातील शेतकऱ्याला हे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही. पश्चिमेकडे डोंगरावर पाऊस कोसळत असतो आणि पूर्वेकडे आभाळाकडे पाहत बसावे लागते. पहिली सर आली म्हणून कोणी बियाणे मातीत टाकीत नाही. जमिनीला वाफसा आला की नाही, हे मूठभर माती हातात घेऊन पाहिले जाते. पेरणी हा जुगारच असतो. तो कोणालाच टाळता येत नाही. पण वाफसा पाहून पेरणारा आणि न पाहता पेरणारा यांच्यात फरक असतो, आणि वाफसा पाहून पेरलेले पीकही पुढे पाऊस न आल्याने करपले, तर गाव त्याला मूर्ख म्हणत नाही. घरात दुबार पेरणीपुरते बियाणे आहे की नाही, यावरही त्याचा निर्णय ठरतो.

अर्थात प्रत्येक प्रसंगी उत्तर स्वच्छ मिळेलच असे नाही. जानेवारी 1999 मध्ये चेन्नईला पाकिस्तानविरुद्ध 271 धावांचा पाठलाग करताना सचिन तेंडुलकरने पाठदुखी सोशीत 136 धावा केल्या. विजय 17 धावांवर असताना सकलेन मुश्ताकला उंच मारण्याच्या प्रयत्नात तो बाद झाला आणि अखेरचे तीन गडी चार धावांत गमावून भारत 12 धावांनी हरला. तो फटका टाळावयास हवा होता, असे म्हणता येते. पण उभे राहणेही ज्याला कठीण झाले आहे, त्याने एकेक धाव पळून काढावी असे तरी कसे म्हणावे? अशा वेळी निर्णय देणाऱ्याने आपला आवाज थोडा खाली ठेवणे, एवढेच उचित होय.

सवय घडते कोठे

फलंदाजाचा निर्णय क्षणार्धात होतो. जलद गोलंदाजाचा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आसपास त्याच्यापर्यंत पोहोचतो. त्या अवधीत विचार करावयास सवड नसते. तेथे उपयोगी पडते ती वर्षानुवर्षे अंगी मुरवलेली सवय. म्हणून फटक्याचा विवेक हा सामन्याच्या दिवशी नव्हे, तर त्यापूर्वी दहा-पंधरा वर्षे घडत असतो. बेचाळीस वेळा रणजी करंडक जिंकणाऱ्या मुंबईच्या क्रिकेटची जी ख्याती होती, ती फटक्यांसाठी नव्हे, तर विकेट सहजासहजी न देण्याच्या हट्टासाठी. त्या परंपरेतला एक फलंदाज याच परिसरातला. अजिंक्य रहाणे याचा जन्म शेजारच्या संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्द येथील. क्रिकेटचे पहिले धडे त्याने डोंबिवलीत मॅटिंगच्या खेळपट्टीवर गिरवले. डिसेंबर 2020 मध्ये ॲडलेडला भारताचा डाव 36 धावांत संपल्यावर कर्णधारपद त्याच्याकडे आले आणि मेलबर्नला त्याने 112 धावांची खेळी करून संघ उभा केला. ॲडलेडला कोणी बेजबाबदार फटके मारलेले नव्हते; बहुतेक गडी बचाव करतानाच बाद झाले होते, हेही येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आजच्या तरुण फलंदाजाचा हट्ट कोणता असावा, हे त्याच्या पोटापाण्याचे गणित ठरवते. दोन महिन्यांच्या वीस षटकांच्या स्पर्धेत जे मानधन मिळते, त्याच्या तुलनेत रणजी हंगामाची मिळकत किरकोळ असते. तालुक्याच्या पातळीवरही चित्र वेगळे नाही. सुगी संपली की अकोल्याच्या आसपासच्या गावोगावी टेनिस चेंडूच्या स्पर्धा भरतात. षटके मोजकी, बक्षीस षट्काराला, टाळ्या षट्काराला. लाल चेंडूने दोन दिवस खेळण्याची संधी खेड्यातील मुलाला जवळजवळ मिळतच नाही. ज्याला कधी दिवसभर खेळपट्टीवर उभे राहावयास शिकवले नाही, त्याच्याकडून पाचव्या दिवशी संयमाची अपेक्षा करणे, म्हणजे न शिकवलेल्या धड्यावर परीक्षेत प्रश्न विचारणे होय.

नियामक मंडळाला याची जाणीव झाल्याचे जानेवारी 2025 मध्ये दिसले. देशांतर्गत सामने खेळणे खेळाडूंना बंधनकारक करण्यात आले आणि रोहित शर्मा जवळजवळ दहा वर्षांनी, तर विराट कोहली बारा वर्षांनी रणजी सामन्यात उतरला. रोहितच्या 3 व 28 धावा झाल्या आणि मुंबई जम्मू-काश्मीरकडून हरली. कोहली 6 धावांवर त्रिफळाचीत झाला. मे 2025 मध्ये दोघांनीही कसोटीतून निवृत्ती घेतली. उपाय योग्य होता, पण तो पंधराव्या वर्षी द्यावयाचा होता, पस्तिशीनंतर नव्हे.

खेळपट्ट्यांचा दोषही फलंदाजांच्या माथी मारून चालणार नाही. पुण्याला आणि मुंबईला फिरकीला अनुकूल खेळपट्ट्या यजमानांच्याच सोयीसाठी होत्या. पुण्याला त्यांचा लाभ मिचेल सँटनरने तेरा बळी घेऊन उठवला आणि मुंबईला मुंबईतच जन्मलेल्या एजाझ पटेलने अकरा. वर्षभरानंतर कोलकात्याला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तेच घडले. 124 धावांचे लक्ष्य असताना भारताचा डाव 93 धावांत संपला. जेथे आज ना उद्या एक चेंडू आपला बळी घेणारच, असे फलंदाजाला वाटते, तेथे तो बाद होण्यापूर्वी मिळतील तितक्या धावा लुटू पाहतो. अशा खेळपट्टीवरील प्रत्येक उंच फटका हा बेफिकिरीचा नसतो. पुष्कळदा तो बचावावरील अविश्वासाचा असतो. तो विश्वास परत मिळवून देणे हे काम फलंदाजाइतकेच मंडळाचे, निवड समितीचे आणि प्रशिक्षकांचे आहे.

प्रेक्षकांकडे उरते ते एकच काम आणि ते सोपे नाही: षट्कारावर टाळी वाजवण्यापूर्वी आणि झेलावर शिवी हासडण्यापूर्वी रीत पाहण्याचे. पुढच्या पराभवानंतरही अकोल्याच्या बसस्थानकासमोर चर्चा होईल आणि तेथे एखादा विद्यार्थी थोरांचे बोलणे ऐकत उभा असेल. त्याच्याही पुढे आयुष्यात कोणता धोका पत्करावा आणि कोणता नाही, याचे निर्णय यावयाचे आहेत. फटका चुकला म्हणून तो मूर्ख, हे त्याने तेथे ऐकले, तर तो धाडस करावयास कचरेल. फटका बसला म्हणून तो शहाणा, हे ऐकले, तर वाफसा न पाहताच पेरील.